हाकेच्या आधी

१

"आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं."

हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा बोलले आहे की झोपेतून कुणी हलवून उठवलं तरी तोंडातून आधी हेच बाहेर पडेल. माझं काम कान तपासण्याचं. म्हणजे कानात डोकावायचं काम डॉक्टरांचं. किती ऐकू येतं हे मोजायचं माझं. बॅगांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा दवाखाना होता. पुढे बाकांची खोली, मग डॉक्टरांची, आणि सगळ्यात मागे, रस्त्याच्या गोंगाटापासून जमेल तितकी लांब, माझी. माझ्या खोलीत केबिन होती. कपाटापेक्षा थोडी मोठी, जाड दाराची. आतल्या भिंती बारीक भोकांच्या पत्र्याच्या आणि त्या पत्र्यामागे आवाज गिळून टाकणारा कापूस. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेबाहेर यंत्रासमोर. मी कळ दाबून सूर सोडते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो आणि माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. झालं. यात चमत्कार घडायला जागाच नाही, म्हणून तर मला ते काम आवडायचं.

त्या दिवशी बसचा ड्रायव्हर आला होता. दरवर्षी यायचा, कान धड आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याला गाडी देत नसत. धड नव्हते, पण चालण्यासारखे होते. इंजिनाच्या बाजूचा कान बराच गेलेला.

"ताई, बायकोचं ऐकू येत नाही तेवढंच सुख," असं म्हणून तो आत बसला. हा विनोद तो दरवर्षी करायचा आणि मी दरवर्षी हसायचे.

मी सुरू केलं. सूर, दिवा. सूर, दिवा. गेलेल्या कानाकडे आले तेव्हा आवाज मोठा करायच्या तयारीत होते, पण गरजच पडेना. अगदी बारीक सुरालाही दिवा लागत होता. कौतुक वाटलं. मग काहीतरी खटकलं. कुठे, ते चटकन कळेना. चप्पल उलट्या पायात घातल्यावर वाटतं तसं काहीतरी.

दिवा आधी लागत होता. दिवा लागायचा आणि मग माझं बोट कळीवर टेकायचं.

अंदाजानं दाबत असेल, मी मनाशी म्हटलं. लोक ताल पकडतात. मी ताल मोडला. कधी लवकर, कधी उशिरा. दिवा तरीही माझ्या पुढेच. मग मी हात मांडीवर ठेवला आणि काही न करता बसले. दिवा बंद. काचेतून तो दिसत होता. डोळे मिटलेले, मान उजवीकडे किंचित कललेली. मी थांबले. आणखी थांबले. आणि मनात नुसतं आलं, आता.

हिरवा दिवा लागला. माझा हात मांडीवरच होता.

बाहेर आल्यावर तो दारात घुटमळला. "छान वाटलं आत," तो म्हणाला. "अजून जरा बसू का?"

त्या केबिनमध्ये लोक घामाघूम व्हायचे, कुणी रडायचं, एका आजींनी तर दाराला लाथा मारल्या होत्या. अजून बसू का, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

२

"लूज कनेक्शन," डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोक्यातही आहे एक. तिथं मेकॅनिक पोचत नाही, यंत्राचं बघून घेऊ."

डॉक्टर असेच. टक्कल, ढगळ कोट, आणि रोग कितीही वाईट असो, त्यावर एखादा विनोद. आम्ही दोघंच मिळून दवाखाना चालवायचो आणि आमचं बरं चाललं होतं.

मेकॅनिक आला. सडपातळ माणूस, सतत शीळ घालायची सवय. यंत्र उघडून पाहिलं, वायरी हलवल्या, मग केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. काचेतून मला त्याचे ओठ शीळ घालताना दिसत होते. मग ओठ थांबले. त्यानं कान पत्र्याला लावला. तसाच उभा राहिला. मी मधे दोन पेशंटांना बाहेर बसवून आले तरी तो तसाच.

"सगळं ठीक आहे," बाहेर येऊन त्यानं सांगितलं आणि जिना उतरायला लागला.

"अहो, तुमची हत्यारांची पिशवी!"

तो पायरीवर थांबला. "असू द्या," म्हणाला. "आता लागणार नाही."

शीळ न घालता तो गेला.

दुपारी पेशंट नव्हते तेव्हा मी स्वतः आत जाऊन बसले. दार ओढून घेतलं. बाहेरच्या माणसाला सांगून समजणार नाही अशी त्या केबिनमधली शांतता असते. आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग गिळलेली थुंकी, मग कानाच्या मागून वाहणारं रक्त. मला ते सगळं पाठ होतं. त्या दिवशी ते नव्हतं. मी बसले आणि त्याच क्षणी पत्र्यामागे काहीतरी थांबलं. काय ते नाही सांगता येणार. आवाज होत होता असं मी म्हणणार नाही, कारण तो होता तेव्हा मला कळला नव्हता. थांबला, एवढंच कळलं. खूप जणांनी एकदम श्वास रोखून धरावा, तसं.

उठताना खुर्चीच्या पायाशी ते दिसलं. कात होती. नखाएवढी, पिवळसर, फुंकर मारली तर उडेल अशी. मी ती कागदावर घेऊन डॉक्टरांना दाखवली.

"झुरळाची असेल."

"झुरळाला असे हात असतात?"

डॉक्टरांनी भिंग धरलं. पुढचे दोन पाय पोटावर एकमेकांत गुंतवून ठेवलेले होते. आमच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंत लोक बसतात ना, अगदी तसे. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मी विनोदाची वाट पाहत होते.

"बघतो," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते केबिनमध्ये जाऊन बसायला लागले. डोकं दुखतं, तिथं जरा शांत वाटतं, म्हणाले. मीही मान हलवली. येणारे सगळेच पेशंट आता दिवा आधी लावत होते, सगळ्यांचे कान यंत्राच्या म्हणण्यानुसार ठणठणीत होते, आणि कुणाचीही तक्रार नव्हती. जी गोष्ट पटत नाही तिची माणूस सवय करून घेतो. मी करून घेतली.

३

घरी मी आणि आई. आईनं आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं. लोकांच्या हाका लोकांना जोडून दिल्या. निवृत्त झाली आणि पाठोपाठ तिचे कान गेले. कानातलं मशीन तिनं काही दिवस लावलं आणि शिट्टी वाजते म्हणून खणात टाकलं. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे माझं ओरडणं. दिवसभर दवाखान्यात कुजबुजीइतके सूर सोडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन घसा फाडायचा.

"चहा घेणार का?"

"कोण वारलं?"

"चहा! चहा!"

"मग असं सांग ना. ओरडतेस काय, मी बहिरी आहे, वेडी नाही."

ती मला चिमी म्हणायची. मी दारातून वाकून आत येणारी, अंगानं थोराड, आणि नाव चिमी. हा तिचा सगळ्यात जुना विनोद.

दादा परदेशी. सुट्टीच्या दिवशी फोन करायचा आणि सल्ले द्यायचा. "अगं, तिचे कान पुन्हा एकदा तपास ना. हल्ली नवीन मशीन निघालीत. तू त्याच धंद्यात आहेस आणि आपलीच आई अशी?" धंद्यात. मी कोपऱ्यातली तिची काठी उचलली आणि आईला घेऊन दवाखान्यात गेले.

कशाला गेले, असं आता तुम्ही विचाराल. सगळं ठीक आहे असं मेकॅनिक म्हणाला होता, डॉक्टर म्हणाले होते, मी स्वतःला म्हणाले होते. शिवाय सकाळ होती, ऊन होतं, खाली कुणीतरी बॅगेच्या चाकांवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होतं. अशा सकाळी माणसाला भीती आठवत नाही.

आई आत बसली. मी आवाज चढवून सुरुवात केली. दिवा. कमी केला. दिवा. आणखी कमी, आणखी. मला स्वतःला जेमतेम ऐकू येईल अशा सुरापर्यंत आले. दिवा. आई डोळे मिटून बसली होती, मान उजवीकडे कललेली, आणि चेहऱ्यावर असं काही की मला तिचा लग्नातला फोटो आठवला.

मी दार उघडलं. नेहमीच्या सवयीनं ओरडायला तोंड उघडलं.

"नको ओरडूस, चिमे," आई हळू आवाजात म्हणाली. इतक्या हळू ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "येतंय मला सगळं."

घरी जाताना ती रस्त्यात थांबली. "हो, घेऊ की. संपलंच आहे."

"काय?"

"दूध. तूच म्हणालीस ना आत्ता."

मी म्हणाले नव्हते. पण मनात होतं. पुटपुटले असेन, मी स्वतःला समजावलं.

त्या रात्री दादा फोनवर रडला. मीही रडले. पुढचे काही दिवस आमचं घर खरंच घर झालं होतं. मी साध्या आवाजात बोलायचे, आई साध्या आवाजात उत्तर द्यायची. मी नुसतं तिच्याकडे बघितलं की ती पाण्याचा पेला पुढे करायची. इतकं मायेनं कुणी माझ्याशी कधी वागलं नव्हतं.

मग एका सकाळी ओट्यावरून भरलेलं पातेलं माझ्या हातून सुटलं. फरशीवर असा दणका झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं. आई तीन हात अंतरावर, माझ्याकडे पाठ करून, पेपर वाचत होती. तिचं पानही हललं नाही.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. टाळी वाजवली. "आई!" ओरडले. पुन्हा ओरडले. तिनं पान उलटलं.

मग मी तोंड मिटलं आणि मनातल्या मनात म्हटलं, आई.

"काय गं?" मागे न वळता ती म्हणाली.

४

त्यानंतर मी घरात जपून विचार करायला लागले. हे बोलायला सोपं आहे. करून बघा. ज्याचा विचार करायचा नाही तोच दारात येऊन उभा राहतो.

आई आता दिवसाचा बराच वेळ खिडकीत बसायची. समोरच्या फुटपाथवर एक बाक होता. त्यावर आधी कधी कुणी फारसं बसलेलं नसायचं. आता बसलेलं असायचं. मी पडद्याआडून पाहिलं तेव्हा ड्रायव्हर ओळखू आला, त्याच्या शेजारी मेकॅनिक, मग आमचे आणखी पेशंट. एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. हात पोटावर, एकमेकांत गुंतवलेले. मधूनच सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे कलायच्या, आणि मी वळून बघायचे तर आईचीही.

ती रोज दवाखान्यात न्यायला सांगायची. "तिथं बरं वाटतं गं."

मी टाळत राहिले. एकदा दुपारी ती वाळलेले कपडे घेऊन पलंगावर बसली होती, घड्या घालत. मी समोर. तिनं माझा कुर्ता उचलला, बाह्या आत घेतल्या, आणि अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली, "जिना चढताना तुला रोज वाटतं. आज दार उघडल्यावर ही खुर्चीतच गेलेली असावी."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"आई, काय बोलतेस हे?"

"तोंडानं नको. तोंडाचं मला ऐकू येत नाही. आतून बोल."

मी आतून बोलायचा प्रयत्न केला. असं काही नाही, असं म्हणायचं होतं. पण आतून खोटं बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आतून जे होतं तेच गेलं. थकवा गेला, चीड गेली, लग्नाचं राहून गेलेलं गेलं, दादाबद्दलची जळजळ गेली, आणि तो जिना गेला. सगळं. आई ऐकत होती. कुर्त्याची घडी तिनं तळहातानं सपाट केली.

"रागावले नाही हो. आम्हाला राग येत नाही."

माझी आई स्वतःला कधी आम्ही म्हणायची नाही. तसं म्हणणाऱ्यांची ती नक्कल करायची.

"आम्ही म्हणजे कोण?" मी तोंडानंच विचारलं. पण प्रश्न मनातही होता.

"ड्रायव्हर आहे. तो बारीक यंत्रवाला आहे. फार एकटा होता बिचारा. तुझे डॉक्टर आहेत." ती थांबली. मान कलली. कुणाला तरी विचारून घ्यावं तशी. "आणि ज्यांच्याकडे आम्ही आहोत, ते."

"आई, मी तुझी मुलगी आहे."

"हो ना," ती म्हणाली. मला वाटतं, तिला खरंच माझी कीव आली होती. "म्हणून तर तोंडानं सांगतेय. एरवी आता सांगायची गरजच कुठे पडते?"

मी रडायला लागले. आईनं मला जवळ घेतलं नाही. तिनं उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या.

५

काही ठरवायचं म्हणजे आधी त्यांना कळणार. म्हणून मी काही ठरवलं नाही. सकाळी उठले, दात घासले, ओट्याखालून झुरळं मारायचा फवारा काढून पिशवीत टाकला आणि टाकताना मनात बाजाराची यादी घोकत राहिले. मेकॅनिकची हत्यारं दवाखान्यात होतीच. जिना चढताना पाढे म्हटले. अडीचकीचे. शाळेतही कधी आले नव्हते.

काही उपयोग झाला नाही.

बाकांची खोली भरलेली होती. ओळखीचे आणि अनोळखीही. गुडघे जुळलेले, हात पोटावर. मधल्या बाकावर आई. तिला मी घरी खुर्चीत बसवून आले होते. माझ्या आधी ती कशी पोचली कुणास ठाऊक. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. डॉक्टर माझ्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी केबिनचं जाड दार माझ्यासाठी उघडून धरलं, आणि मेकॅनिकच्या पिशवीतला पान्हा नाही, स्क्रूड्रायव्हर हातात दिला. मला नेमका तोच हवा होता.

"बघून घ्या," ते म्हणाले. "तुम्हाला बघायचंच आहे."

"डॉक्टर, तुम्ही ओळखता ना मला?"

"आता जास्त ओळखतो."

मी आत गेले. पत्र्याचे स्क्रू सहज निघाले. कुणीतरी आधी काढून पुन्हा बसवले होते. शेवटचा निघाला तसा पत्रा माझ्या हातात आला. मी तो बाजूला ठेवला.

मुंग्यांसारखं वळवळणारं काही असेल अशी माझी कल्पना होती. वळवळ नव्हती. कापूस पोखरून रांगा केल्या होत्या, आणि रांगांत ते उभे होते. बोटाएवढे, ओल्या मधाच्या रंगाचे, मागच्या पायांवर सरळ. पुढचे पाय पोटावर गुंतवलेले. सगळ्यांची डोकी उजवीकडे कललेली. मला पाहून एकही दचकला नाही, एकही पळाला नाही. त्यांच्या मागे, आत, कापूस संपतो तिथं मला भिंत दिसली. मग ती भिंत फुगली. आणि खाली बसली. पुन्हा फुगली. त्याच वेळी माझ्या मागे, बाकांच्या खोलीत, एवढ्या माणसांनी एकदम श्वास घेतला आणि एकदम सोडला.

यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सांगितलं नसतं.

फवारा हातात आला होता. टोपण निघालं होतं. मी बोट ठेवलं, आणि अगदी थोडं, चुकून म्हणावं इतकं, दाबलं गेलं. पुढच्या रांगेतले दोघंतिघं गळून पडले.

मागे कुणीतरी किंकाळी फोडली. वळून पाहिलं तर उघड्या दारांपलीकडे ड्रायव्हर जमिनीवर, दोन्ही हात कानांवर. त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. इतर सगळ्यांचे चेहरे त्याच्याबरोबर पिळवटलेले. आईचाही. ती उठली, भिंतीला धरत केबिनच्या दारापर्यंत आली. नाकातून बारीक लाल रेघ ओघळत होती. तिनं ती पुसली नाही.

"दाब, चिमे," ती म्हणाली. तिच्या मागे सगळ्यांचे ओठ हलले, आवाजाशिवाय, दाब, चिमे. "पूर्ण दाब. एकदाच होऊन जाईल."

"तू मरशील."

"मरेन किंवा सुटेन. आम्हालाही नाही माहीत. पण तुला यातलं काय हवंय?"

मी तिच्याकडे बघत होते. तिला सोडवायला मी आले होते, हे खरं होतं. देवाशपथ खरं होतं. पण मी आतून बघितलं, ती ऐकत होती म्हणून मलाही बघावं लागलं, आणि तिथं जिना होता. मी वर चढत होते आणि वरचं दार शांत होतं. हे बोट आईसाठी दाबलं जाणार की माझ्यासाठी, हे मला सांगता येईना. तिला सांगता आलं असतं. ती नुसती वाट बघत राहिली.

मी फवारा खाली ठेवला.

डॉक्टरांनी पत्रा उचलला आणि जागेवर बसवला. एकेक स्क्रू हलक्या हातानं आवळला. गळून पडलेल्यांना त्यांनी रुमालात घेऊन कोटाच्या खिशात ठेवलं. ड्रायव्हरला दोघांनी उठवून बाकावर बसवलं.

"घरी चल, आई," मी म्हटलं. तोंडानं आणि आतूनही.

"तू जा," आई म्हणाली. "दमलीस."

६

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार उघडं होतं. बाक रिकामे. केबिनचे पत्रे एकावर एक रचून ठेवलेले, आतला कापूस उपसलेला, आणि मागे साधी विटांची भिंत. हात लावून पाहिला. कोमट होती. खालचा बॅगवाला म्हणाला की पहाटे एक बस उभी होती, लोक शांतपणे चढले, कुणीही गडबड केली नाही. "एवढी शिस्तीची माणसं मी पाहिली नाहीत," तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडून मोठ्यात मोठ्या बॅगा घेतल्या होत्या, सगळ्या. रिकाम्या नेल्या का भरून, ते त्यानं पाहिलं नव्हतं.

पोलिसांनी विचारलं ते मी सांगितलं. वयस्कर बाई, कानांनी अधू, हरवली. दादा विमानानं आला. चौक्या पालथ्या घातल्या, इस्पितळं पालथी घातली, आईचा फोटो घेऊन स्टँडवर उभा राहिला. जायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाला, "तू जरा लक्ष ठेवायला हवं होतंस गं." मी भाजी वाढली. माझ्या मनात काय आलं ते त्याला ऐकू गेलं नाही. बरं वाटलं, आणि तेच सगळ्यात वाईट वाटलं.

आता मी दुसरीकडे नोकरी करते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी जिना चढते. दार उघडते. घर शांत असतं. मला जे हवं होतं ते मला मिळालं आहे, आणि ते कुणी माझ्यापासून हिरावून घेत नाही.

परवा दुपारी कामानिमित्त बाहेर पडले होते. मोठ्या चौकात सिग्नलला थांबले. रस्त्याच्या पलीकडे गर्दी होती. ऑफिसं सुटायची वेळ नव्हती, तरी बरीच. पिशव्या घेतलेल्या बायका, टाय लावलेले, युनिफॉर्ममधला पोस्टमन, कडेवर मूल घेतलेली एक पोरगेली आई. पुढच्या रांगेत माझी आई उभी होती. काठी नव्हती. पाठ ताठ. अंगावर अनोळखी, पण स्वच्छ इस्त्रीची साडी. चेहरा भरला होता. माझ्याकडे असताना ती कधीच इतकी बरी दिसली नव्हती.

सिग्नल बदलला. ती वळून गर्दीबरोबर बाजूच्या रस्त्यानं चालायला लागली.

मधे गाड्यांचा लोंढा होता. मी ओरडले, "आई! आई गं!" शेजारचा माणूस दचकला. तिकडे कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि तिला तर जाणारच नव्हतं.

मग मी गप्प उभी राहिले, डोळे मिटले, आणि आतून हाक मारली. होतं नव्हतं ते सगळं घालून मारली. परत ये, असं त्यात होतं. मला पण ने, असंही होतं.

डोळे उघडले तेव्हा पलीकडचे सगळे थांबले होते. पोस्टमन, टायवाले, पिशव्यावाल्या, कडेवरचं ते मूलसुद्धा. सगळ्यांनी माना वळवल्या होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

आई तेवढी चालत राहिली.